याझूचे खरेदीखत

१७८३ च्या पॅरिस तहाने ब्रिटनने अमेरिकेच्या तेरा वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य केले आणि नव्या राष्ट्राची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीपर्यंत नेली. या तहाने मिळालेल्या प्रदेशात गोऱ्यांची वस्ती जवळपास नव्हतीच. क्रीक, चेरोकी, चॉक्टॉ आणि चिकसॉ ही मूळ राष्ट्रे तेथे शेती, शिकार आणि कातड्यांचा व्यापार करत पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, आणि तहाच्या वाटाघाटींत त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी पश्चिमेकडील आपले दावे हळूहळू केंद्राच्या स्वाधीन केले. परंतु सर्वांत दक्षिणेकडील जॉर्जियाने आपला दावा अनेक वर्षे सोडला नाही. हे राज्य नकाशावर अटलांटिकच्या किनाऱ्यापासून मिसिसिपीपर्यंत पसरलेले दिसे, मात्र १७९० च्या पहिल्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी ८२,५४८ भरली आणि त्यांपैकी २९,२६४ माणसे गुलाम होती. युद्धाचे कर्ज डोक्यावर होते, राज्याच्या कागदी चलनाची किंमत घसरलेली होती, करांचे उत्पन्न तुटपुंजे होते. विकण्याजोगी एकच गोष्ट राज्याकडे विपुल होती, ती म्हणजे जमीन. ही जमीन नेमकी कोणाची, या प्रश्नाला बगल देऊनच तिचे व्यवहार सुरू झाले, आणि पुढील चाळीस वर्षांच्या राजकारणाची बीजे त्यातच पडली.

कायद्याच्या भाषेत जॉर्जियाकडे जे होते त्याला अग्रक्रयाधिकार म्हणता येईल. युरोपीय सत्तांनी आपापसांत असा संकेत पाळला होता की, ज्या सत्तेने एखाद्या प्रदेशाचा शोध लावला तिलाच तेथील मूळ रहिवाशांकडून जमीन विकत घेण्याचा पहिला, किंबहुना एकमेव हक्क राहील; मूळ रहिवाशांचा ताबा मात्र त्यांनी तहाने स्वखुशीने सोडेपर्यंत कायम राहील. १७९० मध्ये संघराज्याच्या काँग्रेसने, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाने, या राष्ट्रांकडून केंद्राच्या तहाखेरीज जमीन घेण्यास सर्वांनाच मनाई केली. त्यामुळे जॉर्जियाच्या हाती प्रत्यक्ष जमीन नव्हती. दुसऱ्याने कधीतरी ती सोडली तर ती आपल्याला मिळेल, एवढी अपेक्षा होती. बाजाराने मात्र या अपेक्षेला जमिनीचे मोल दिले.

अपेक्षेचे मोल ठरवण्याची सवय जॉर्जियाला आधीच जडली होती. राज्याच्या पूर्वेकडील, म्हणजे तहाने मोकळ्या झालेल्या भागात जमीन वाटण्याची पद्धत माणशी हिश्शाची होती: कुटुंबप्रमुखाला २०० एकर आणि घरातील प्रत्येक माणसामागे, गुलामामागेसुद्धा, ५० एकर, पण एकूण १,००० एकरांपेक्षा जास्त नाही. अर्जदाराने परगण्याच्या भूमिन्यायालयाकडून परवाना घ्यायचा, मोजणीदाराने जागेवर जाऊन मोजणी करून नकाशा काढायचा आणि शेवटी राज्यपालाने सनदेवर सही करायची, असा हा क्रम होता. १७८९ पासून सुमारे सात वर्षांत या क्रमातील मधला टप्पा, म्हणजे जागेवर जाण्याचा, पुष्कळ ठिकाणी गळून पडला. पाइनच्या विरळ रानांतील रेताड परगण्यांत एकेका व्यक्तीच्या नावावर हजारोच नव्हे तर लाखो एकरांच्या सनदा निघाल्या, आणि राज्यपालांनी त्यांवर सह्या केल्या. १७९६ मध्ये जॉर्जियात २४ परगणे होते आणि त्यांचे एकूण क्षेत्र ८७,१७,९६० एकर होते; दिलेल्या सनदांची बेरीज मात्र २,९०,९७,८६६ एकर भरली. एकट्या मॉन्टगोमेरी परगण्यात ४,०७,६८० एकर जमीन असताना ७४ लाख एकरांहून अधिक जमिनीच्या सनदा दिल्या गेल्या होत्या.

या सनदांना जोडलेले नकाशे पाहिले की व्यवहाराचे मर्म कळते. जमिनीच्या खुणा म्हणून मोजणीदार कोपऱ्यावरच्या झाडाचे नाव लिहीत असे, आणि झाडांवरून मातीचा कस ओळखण्याची शेतकऱ्याची जुनी रीत होती: ओक आणि हिकरी म्हणजे सुपीक जमीन, नुसता पाइन म्हणजे वाळू. म्हणून जेथे मैलोन्‌मैल पाइनखेरीज काही उगवत नव्हते, तेथे कागदावर कोपऱ्याकोपऱ्याला ओक, हिकरी यांसारखी झाडे उभी राहिली आणि प्रत्यक्षात नसलेले झरे व ओढे वळणे घेत वाहू लागले. फिलाडेल्फियातील गिऱ्हाइकाला जॉर्जियाचे रान कधी पाहायचे नव्हते. तो नकाशा पाहून घेत होता आणि नकाशा दाखवूनच पुढे विकत होता. याझूचा व्यवहार याच वृत्तीची पुढची आणि फार मोठी पायरी होती.

याझू ही मिसिसिपीला वॉलनट हिल्स, म्हणजे आजच्या व्हिक्सबर्गजवळ मिळणारी नदी. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमिनींची पहिली विक्री १७८९ मध्ये झाली. त्या वर्षी जॉर्जियाच्या विधिमंडळाने तीन कंपन्यांना कोट्यवधी एकर जमीन सुमारे दोन लाख डॉलरांना देऊ केली. व्हर्जिनियाच्या कंपनीत स्वातंत्र्ययुद्धातील प्रसिद्ध वक्ता पॅट्रिक हेन्री भागीदार होता. कंपन्यांचा बेत घसरलेल्या कागदी चलनात पैसे भरण्याचा होता, आणि राज्याने नाण्यांतच पैसे हवेत असा आग्रह धरताच व्यवहार मोडला. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांची चिंता निराळी होती. त्यांनी १७९० मध्ये क्रीकांचा नेता अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे याच्याशी न्यूयॉर्कला तह केला होता, आणि कंपन्यांच्या वसाहती तेथे घुसल्या तर हा तह मोडून नव्या राष्ट्राला न परवडणारे युद्ध ओढवेल हे त्यांना दिसत होते. शिवाय याच पट्ट्याच्या दक्षिण भागावर स्पेनचाही दावा होता, आणि तो वाद १७९५ च्या ऑक्टोबरातील तहापर्यंत मिटला नाही.

या तहाची चाहूल लागताच जमिनीचे मोल वाढणार, हे ओळखणाऱ्यांनी १७९४ च्या हिवाळ्यात ऑगस्टा येथे, त्यावेळच्या राजधानीत, तळ ठोकला. त्यांचा म्होरक्या जेम्स गन हा जॉर्जियाचा केंद्रीय सिनेटमधील प्रतिनिधी होता. सिनेटवर पुन्हा निवड होताच त्याने आपली सारी शक्ती विक्रीचे विधेयक मंजूर करून घेण्यात लावली. त्याच्या जॉर्जिया कंपनीत संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती जेम्स विल्सन याने पैसे गुंतवले होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवर ज्याची सही आहे असा हा कायदेपंडित. जमिनीच्या सट्ट्यात तो असा बुडाला की १७९८ मध्ये सावकारांपासून तोंड लपवत नॉर्थ कॅरोलिनात मरण पावला. या वर्गाची नीतिमत्ता सरसकट खालावलेली होती असे म्हणणे सोपे असले तरी अपुरे ठरेल. रोख पैसा दुर्मीळ होता, बँका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि संपत्ती साठवण्याचे व वाढवण्याचे साधन म्हणून जमिनीखेरीज फारसे काही नव्हते. सत्तेतील माणसे आणि जमिनीतील गुंतवणूकदार हे बहुतेक ठिकाणी एकाच बैठकीतले लोक होते.

पहिले विधेयक राज्यपाल जॉर्ज मॅथ्यूज यांनी डिसेंबरात परत पाठवले. थोडे फेरफार केलेल्या दुसऱ्या विधेयकावर मात्र त्यांनी ७ जानेवारी १७९५ रोजी सही केली. या कायद्याचे शीर्षक वाचून कोणालाही वाटावे की तो राज्याच्या जुन्या सैनिकांना जमिनी देण्याविषयीचा पूरक कायदा आहे. प्रत्यक्षात त्याने सुमारे साडेतीन कोटी एकर, म्हणजे जवळपास १ लाख ४१ हजार चौरस किलोमीटर प्रदेश चार कंपन्यांना पाच लाख डॉलरांना विकला. जॉर्जिया कंपनीने अडीच लाख, जॉर्जिया मिसिसिपी कंपनीने १,५५,०००, टेनेसी कंपनीने ६०,००० आणि अप्पर मिसिसिपी कंपनीने ३५,००० डॉलर द्यायचे होते; पाचवा हिस्सा इसार म्हणून आधी आणि उरलेली रक्कम १ नोव्हेंबरपर्यंत. एकरी भाव दीड सेंटसुद्धा पडत नव्हता. विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्या सदस्यांपैकी एक वगळता सर्वांचे त्या कंपन्यांत हितसंबंध होते. लाच बहुधा रोकड नव्हती. सदस्याला कंपनीतील जमिनीचा हिस्सा मिळे आणि तो स्वतःच्या मताने त्या हिश्शाचे मोल निर्माण करी. नंतर घेतलेल्या शपथपत्रांत गुलाम देऊ केल्याचाही उल्लेख येतो, आणि त्या समाजात माणूस हेही चलन होते याची ती लेखी साक्ष आहे.

बातमी परगण्यांत पोचली तशी संतापाची लाट उसळली. जॉर्जियाचा दुसरा सिनेटसदस्य जेम्स जॅक्सन हा या लाटेचा पुढारी झाला. इंग्लंडात जन्मलेला, कोवळ्या वयात जॉर्जियात आलेला आणि १७८२ मध्ये सव्हाना शहराचा ताबा ब्रिटिशांकडून स्वीकारणारा हा माणूस तापट आणि द्वंद्वयुद्धाला सदैव तयार असे. त्याने सिनेटची जागा सोडली, वृत्तपत्रांतून पत्रमाला लिहिली आणि राज्याच्या विधिमंडळात निवडून येऊन १३ फेब्रुवारी १७९६ रोजी विक्री रद्द करणारा कायदा मंजूर करून घेतला. जॅक्सनचा राग खोटा नव्हता, परंतु तो कशाबद्दल होता हे नीट पाहिले पाहिजे. सामान्य वसाहतकऱ्याच्या मुलाबाळांना मिळायची जमीन मूठभर धनिकांनी लुबाडली, ही त्याची तक्रार होती. चॉक्टॉ किंवा क्रीक यांचे नाव त्या तक्रारीत जमिनीचे मालक म्हणून येत नाही. मोठा सट्टेबाज आणि छोटा वसाहतकरी यांच्यातील या झगड्याला लोकशाहीचा झगडा म्हणणे वावगे नाही, मात्र दोन्ही पक्षांची नजर तिसऱ्याच्या घरावर होती.

दोन दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, लुईव्हिल या नव्या राजधानीत विधिमंडळाचे सदस्य सभागृहातून बाहेर येऊन उभे राहिले आणि विक्रीच्या कायद्याचे कागद त्यांनी जाहीरपणे जाळले. असल्या पापाला पृथ्वीवरचा अग्नी चालणार नाही म्हणून भिंग धरून सूर्याच्या किरणांनी ज्वाला पेटवली, अशी आख्यायिका जॉर्जियात आजही सांगतात. ती खरी असो वा नसो, राज्याच्या नोंदींतून या व्यवहाराचा मागमूस पुसून टाकण्याचा हुकूम मात्र खराच होता. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परत घेण्याची मुभा दिली गेली आणि काहींनी ते घेतलेही.

तोपर्यंत कागद जॉर्जियाच्या हद्दीबाहेर गेलेले होते. लुईव्हिलमध्ये रद्दीकरणाचा कायदा झाला त्याच दिवशी, १३ फेब्रुवारी १७९६ ला, बॉस्टनमध्ये जॉर्जिया मिसिसिपी कंपनीने आपली सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन न्यू इंग्लंड मिसिसिपी लँड कंपनी या नावाने एकत्र आलेल्या खरेदीदारांना एकरी १० सेंट दराने विकली. सव्वा वर्षही झाले नव्हते, जमिनीवर कोणी पाय ठेवला नव्हता, आणि भाव सातपट झाला होता. या खरेदीदारांनी आपल्या हिश्शांचे तुकडे करून ते न्यू इंग्लंडमधील व्यापाऱ्यांना व इतर छोट्या गुंतवणूकदारांना विकले. जेव्हा दक्षिणेकडची बातमी तेथे पोचली, तेव्हा या साऱ्यांच्या हातात ज्याचे मूळच जाळून टाकले होते असे खरेदीखत उरले. कंपन्यांनी अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे मत घेतले आणि त्यांनी १७९६ मध्येच लेखी अभिप्राय दिला की, करारांच्या बंधनाला बाधा आणणारा कायदा राज्यांनी करू नये असे घटना सांगत असल्यामुळे जॉर्जियाचे रद्दीकरण टिकणार नाही.

जॉर्जियाला आता हे लोढणे गळ्यातून काढायचे होते. २४ एप्रिल १८०२ रोजी राज्याने पश्चिमेचा सारा प्रदेश केंद्राला दिला. बदल्यात साडेबारा लाख डॉलर घेतले, आणि आणखी एक वचन घेतले. जॉर्जियाच्या उरलेल्या हद्दीतील मूळ राष्ट्रांचा जमिनीवरील हक्क केंद्राने शांततेने व वाजवी अटींवर जितक्या लवकर मिळवता येईल तितक्या लवकर मिळवून द्यावा, असे हे वचन होते. केंद्रातर्फे वाटाघाटी करणाऱ्यांत परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन आणि अर्थमंत्री अल्बर्ट गॅलटिन होते, जॉर्जियातर्फे स्वतः जॅक्सन होता. याझूच्या दावेदारांची समजूत काढण्यासाठी ५० लाख एकर राखून ठेवण्याचीही सोय करारात केली होती. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत याझू प्रकरणाची आठवण एका गाजलेल्या लाचखोरीची म्हणून राहिली. परंतु या कराराचे ते एकच कलम त्या लाचखोरीपेक्षा कितीतरी अधिक माणसांच्या आयुष्यावरून फिरले.

काँग्रेसमध्ये दावेदारांना भरपाई द्यावी की नाही, यावरून राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचा पक्ष दुभंगला. व्हर्जिनियाचा जॉन रँडॉल्फ हा भरपाईचा कट्टर विरोधक होता. लाच देऊन मिळवलेल्या हक्काला सरकारी तिजोरीतून पैसे देणे म्हणजे लाचेवर शिक्कामोर्तब करणे, असे तो सभागृहात वारंवार आणि जहाल शब्दांत मांडत असे. पोस्टमास्टर जनरल गिडियन ग्रेंजर हा सरकारचा अधिकारी असूनही न्यू इंग्लंडच्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून सदस्यांच्या भेटीगाठी घेत होता, हे रँडॉल्फने उघड केले. काही वर्षे भरपाईचा प्रश्न अडला तो मुख्यतः या एका माणसाच्या चिवटपणामुळे. तेव्हा दावेदारांनी न्यायालयाची वाट धरली.

न्यू हँपशायरच्या रॉबर्ट फ्लेचरने मॅसॅच्युसेट्सच्या जॉन पेककडून १८०३ मध्ये याझूतील १५,००० एकर ३,००० डॉलरांना घेतले होते आणि विक्रेत्याचा हक्कच निर्दोष नव्हता म्हणून त्याने दावा लावला. वादी आणि प्रतिवादी दोघांचेही हित याच गोष्टीत होते की पेकचा हक्क चांगला ठरावा. हा खटला संगनमताने उभा केला असल्याचा संशय न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी निकालपत्रातच बोलून दाखवला. १६ मार्च १८१० रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला. विधिमंडळाच्या सदस्यांनी कोणत्या हेतूने मत दिले याची चौकशी न्यायालय करू शकत नाही. सनद हाही करारच आहे. आणि दोषाची कल्पना नसताना मोल देऊन घेणाऱ्या खरेदीदाराचा हक्क राज्याला मागाहून काढून घेता येत नाही, असे त्यांनी ठरवले. एखाद्या राज्याचा कायदा घटनाविरोधी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्याची ही पहिलीच वेळ, आणि अमेरिकेतील उद्योगव्यापाराच्या कायद्याचा मोठा भाग या निकालाच्या पायावर उभा राहिला.

निकालाच्या अखेरीस एक छोटा परिच्छेद आहे, आणि तो सहज नजरेतून सुटतो. याझूच्या जमिनीवर मूळ राष्ट्रांचा ताबा असताना जॉर्जियाकडे विकण्याजोगा मालकीहक्क होता का, हा प्रश्न मार्शल यांनी फार थोडक्यात उरकला: त्या राष्ट्रांच्या हक्काचा आदर न्यायालयांनी केला पाहिजे, मात्र तो हक्क राज्याच्या मालकीशी पूर्णपणे विसंगत नाही. जॉन्सन यांना हे पटले नाही. त्यांच्या मते ती राष्ट्रे आपल्या भूमीची पूर्ण मालक होती आणि जॉर्जियाकडे केवळ खरेदीचा पहिला हक्क होता. अशी निव्वळ शक्यता मालकी म्हणून विकता येत नाही. सात न्यायमूर्तींच्या न्यायालयात हे मत एकट्याचे राहिले. खरे पाहता १७९५ पासून सुरू झालेल्या साऱ्या वादात कळीचा प्रश्न हाच होता, आणि पंधरा वर्षांनी तो पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मांडला गेला तेव्हा त्याला तळटीपेइतकीच जागा मिळाली.

पैशाचा हिशोब त्यानंतर चार वर्षांनी मिटला. २७ मार्च १८१४ रोजी टॅलापूसा नदीच्या नालाकृती वळणावर अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्याने क्रीकांतील बंडखोर गटाचा पराभव केला आणि आठशेच्या आसपास योद्धे एका दिवसात मारले गेले. चारच दिवसांनी, ३१ मार्चला, याझूच्या दावेदारांना ५० लाख डॉलरपर्यंत भरपाई देणारा कायदा झाला. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष १८०२ च्या कराराचेच मॅडिसन होते. भरपाई रोख नव्हती, तर मिसिसिपी प्रदेशातील जमिनींच्या विक्रीतून फेडायच्या रोख्यांची होती. म्हणजे बॉस्टनच्या गुंतवणूकदाराचे रोखे वटण्यासाठी ती जमीन मोकळी होणे आवश्यक होते, आणि ऑगस्टमधील फोर्ट जॅक्सनच्या तहाने क्रीकांकडून दोन कोटींहून अधिक एकर जमीन लिहून घेतली गेली. त्यात जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांच्याही जमिनी होत्या.

सरकी वेगळी करणारे एली व्हिटनीचे यंत्र १७९३ मध्ये जॉर्जियातच तयार झाले होते, त्यामुळे या काळ्याभोर जमिनींना आता कापसाचा भाव आला. मिसिसिपी १८१७ मध्ये आणि अलाबामा १८१९ मध्ये राज्ये झाली, आणि पुढील दशकांत व्हर्जिनिया व मेरीलँडमधून लाखो गुलामांना विकून, कुटुंबांची ताटातूट करून, याच मातीत कापूस वेचायला आणले गेले. जॉर्जियाने मात्र याझूपासून एक धडा घेतला होता: १८०५ पासून तेथील नव्या जमिनी सोडतीने वाटल्या जाऊ लागल्या. एका पिंपातून नावाची चिठ्ठी, दुसऱ्यातून जमिनीच्या क्रमांकाची किंवा कोरी चिठ्ठी. सट्टेबाजाला दूर ठेवून सामान्य गोऱ्या कुटुंबाला जमीन देण्याची ही पद्धत लोकप्रिय झाली, आणि त्यामुळेच मूळ राष्ट्रांची जमीन मिळवण्यात प्रत्येक मतदाराचा प्रत्यक्ष स्वार्थ गुंतला. १८०२ चे वचन पाळा, असा धोशा जॉर्जियाने वॉशिंग्टनमध्ये लावला. १८३० मध्ये मूळ राष्ट्रांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला, १८३२ मध्ये चेरोकींची जमीन ते तेथे राहत असतानाच सोडतीत निघाली, आणि १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घरांतून बाहेर काढले.

चॉक्टॉंनी २७ सप्टेंबर १८३० रोजी डान्सिंग रॅबिट क्रीक येथे तह करून मिसिसिपीतील आपली उरलेली सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन सोडली. या तहाच्या चौदाव्या कलमाने एक वाट ठेवली होती: ज्या कुटुंबप्रमुखाला पश्चिमेला जायचे नसेल त्याने तह मंजूर झाल्यापासून सहा महिन्यांत सरकारी एजंटकडे नाव नोंदवावे, म्हणजे त्याला ६४० एकर आणि मुलांच्या वयानुसार आणखी जमीन मिळेल. एजंट विल्यम वॉर्ड याच्या नोंदवहीत अवघ्या ६९ कुटुंबप्रमुखांची नावे चढली. नंतरच्या चौकशीत साक्षीदारांनी सांगितले की, इंग्रजी न येणाऱ्या चॉक्टॉंनी आपल्या कुटुंबांची गणती दाखवण्यासाठी काटक्यांच्या जुड्या करून आणल्या होत्या, वडीलधाऱ्यांसाठी एक लांबी, मुलांसाठी दुसरी. वॉर्डने त्या घेतल्या, तुम्ही फार जण आहात, तुम्हाला पश्चिमेला जावेच लागेल असे सांगितले, आणि काटक्या फेकून दिल्या.